'डी-ई'ने सुरू होणारे आठ छोटे इंग्रजी शब्द : सही करण्याआधी हे वाचता आलेच पाहिजेत



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण इंग्रजीतले आठ छोटे शब्द घेतले. आठही शब्द 'डी' आणि 'ई' या दोन अक्षरांनी सुरू होतात : डेबिट, डेट, डिपॉझिट, डिडक्ट, डिमांड, डीफॉल्ट, डीड आणि डील. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून हिशेबाची उदाहरणं आवरती घेतली होती. ती इथे सविस्तर देते. वही-पेन घेऊन बसा. शेवटी गृहपाठ आहे, आणि उत्तरंही.

हेच आठ शब्द का? तर तुमच्या धंद्याचा असा एकही महत्त्वाचा कागद नाही ज्यात यातले दोन-तीन तरी शब्द नाहीत. पासबुक, कर्जाची फाईल, गाळ्याचा करार, कंपनीकडून आलेलं पेमेंट, सगळीकडे हेच.

माझं पेणला पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. पापडवाल्या ताई, पोहेवाले, मसालेवाले, हमरापूर-जोहे भागातले गणपतीचे कारखानदार असे सगळे येतात. आपापल्या कामात एकेक जण पक्का. पापडाचं पीठ हाताला लागलं की पाणी किती झालंय ते सांगतील. पण बँकेची फाईल समोर आली की पहिला प्रश्न, "मॅडम, सही कुठे करायची?" पेणच्या बॅचमध्ये तेच, रोह्याच्या बॅचमध्येही तेच. मंडळी, पहिला प्रश्न 'सही कुठे' हा नसतो. 'यात काय लिहिलंय' हा असतो.

आणि "इंग्रजी आपल्याला नाही जमत" असं रोह्यात बसून तर कुणी म्हणूच नये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख यांचं बालपण रोह्यातलं. १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी जन्म, १९१२ साली मॅट्रिकला पहिला नंबर, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, १९४३ साली गव्हर्नर आणि १९५० साली देशाचे अर्थमंत्री. कालिदासाच्या मेघदूताचं मराठी भाषांतर करणारा हा माणूस बँकेच्या इंग्रजीतही तितकाच पक्का होता. आपल्याला काही गव्हर्नर व्हायचं नाही. आठ शब्द तर शिकू!

आधी किल्ली समजून घ्या

इंग्रजीतले हिशेबाचे बरेच शब्द लॅटिन भाषेतून आले. लॅटिनमध्ये 'डे' म्हणजे 'खाली', 'पासून', 'दूर'. म्हणजे काहीतरी एका ठिकाणाहून निघतंय. डिपॉझिट म्हणजे खाली ठेवणं, ठेव. डिडक्ट म्हणजे त्यातून काढून नेणं, वजा करणं. डेबिट आणि डेट हे दोन्ही एकाच लॅटिन शब्दातून आलेत आणि त्याचा अर्थ 'देणं असणं'.

पण इथेच सावध व्हा. सुरुवातीची अक्षरं सारखी म्हणून सगळे भाऊबंद नसतात. डीड आणि डील हे दोन शब्द लॅटिन नाहीत, जुन्या इंग्रजीतले आहेत. त्यांच्यातल्या 'डी-ई'चा 'खाली, दूर'शी काही संबंध नाही. एका आडनावाची दोन घरं गावात असतात, पण नातं नसतं, तसंच हे. उलट 'ड्यू' म्हणजे देय आणि 'ड्यूटी' म्हणजे कर किंवा कर्तव्य यांची अक्षरं वेगळी, तरी ते डेट-डेबिटचे सख्खे नातेवाईक.

म्हणून शब्द ओळखताना नुसतं पहिल्या अक्षरांवर जाऊ नका. दोन प्रश्न विचारा :

१) पैसा कुणाकडून कुणाकडे चाललाय?
२) वही कुणाची? म्हणजे हा कागद कुणाच्या बाजूने लिहिलाय?

आजचा सगळा धडा या दोन प्रश्नांत आहे. आता एकेक शब्द घेऊ.

१. डेबिट (डी-ई-बी-आय-टी) : नावे टाकणे

बँकेच्या स्टेटमेंटवर 'डीआर' दिसलं की डेबिट, 'सीआर' दिसलं की क्रेडिट. डेबिट म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे गेले. लक्षात ठेवायला सोपं : डेबिटचा 'डे' आणि आपल्या 'देणे'चा 'दे'. हा नुसता आवाजाचा योगायोग आहे, पण पासबुकापुरता कामाचा.

समजा, एका पापडवाल्या ताईंच्या स्टेटमेंटमध्ये हे तीन आकडे आहेत :

सीआर १२,००० – दुकानदाराकडून आले
डीआर ३,५०० – उडीदडाळवाल्याला दिले
डीआर २३६ – रिटर्न चार्जेस

पहिल्या दोन ओळी सगळ्यांना कळतात. तिसरी कुणी वाचत नाही. २३६ म्हणजे २०० रुपये दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३६. कुठला तरी चेक किंवा हप्ता परत गेला, त्याची ही खूण. स्टेटमेंटमधले छोटे डेबिट आधी वाचा. मोठे आपल्याला माहीतच असतात.

आता दुसरा प्रश्न, वही कुणाची? पासबुक ही बँकेची वही आहे, तुमची नाही. तुमच्या खात्यात पैसे आले की बँक तुमचं देणं लागते, म्हणून ती 'क्रेडिट' लिहिते. पण तुमचा अकाउंटंट तुमच्या वहीत, टॅलीत, तीच रक्कम बँक खात्याला 'डेबिट' टाकतो. "मॅडम, याने उलटं लिहिलंय!" म्हणून बरेच जण गडबडतात. उलटं नाही. वही बदलली की बाजू बदलते.

याच घरातला एक कागद म्हणजे डेबिट नोट. तुम्ही आणलेले डबे फुटके निघाले, परत केले, तर पुरवठादाराला डेबिट नोट पाठवता : "एवढी रक्कम तुमच्या नावे टाकली." पण जीएसटीत रक्कम कमी व्हायची असेल तर पुरवठादाराने स्वतः क्रेडिट नोट काढावी लागते. माल परत करताना ती मागून घ्या. फोनवरचं "पुढच्या बिलात बघू" चालत नाही.

२. डेट (डी-ई-बी-टी) : कर्ज, देणं

उच्चार 'डेट'. मधला 'बी' लिहायचा, बोलायचा नाही. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत तो लिहितही नव्हते. पुढे विद्वानांनी लॅटिनची आठवण म्हणून तो घुसवला. आपल्याला त्याचा एक फायदा आहे. तारखेचा 'डेट' (डी-ए-टी-ई) आणि कर्जाचा 'डेट' मराठीत सारखेच लिहिले जातात, पण इंग्रजी कागदावर 'बी' दिसला की पैसा, 'ए' दिसला की तारीख.

आता खरी अडचण. कॅश क्रेडिट म्हणजे सीसी लोन असलेल्या व्यावसायिकाला बहुतेक बँकांना दर महिन्याला एक तक्ता द्यावा लागतो. त्याचं नाव 'स्टॉक अँड बुक डेट्स स्टेटमेंट'. नवीन माणूस वाचतो 'डेट' आणि समजतो, आपलं कर्ज लिहायचंय. मग तो तिथे स्वतःचं मशीनचं कर्ज लिहितो, नाहीतर घाबरून शून्य टाकतो. दोन्ही चूक.

'बुक डेट्स' म्हणजे तुमच्या वहीप्रमाणे गिऱ्हाइकांकडून तुम्हाला येणं असलेली उधारी. देणं त्यांचं, येणं तुमचं. तसंच 'डेटर' म्हणजे तुमचं देणं लागणारा, उधारीवाला. 'क्रेडिटर' म्हणजे ज्याचं तुम्ही देणं लागता तो.

फरक किती पडतो ते बघा. आकडे उदाहरणाचे आहेत :

दुकानातला माल : १,८०,०००
मालवाल्यांचं देणं (क्रेडिटर्स) : ६०,०००
गिऱ्हाइकांकडे उधारी : १,२०,०००
त्यातली ९० दिवसांपेक्षा जुनी : ३०,०००

समजा, बँक मालावर २५ टक्के आणि उधारीवर ४० टक्के मार्जिन सोडते, आणि ९० दिवसांपर्यंतचीच उधारी धरते. मग हिशेब असा :

माल १,८०,००० वजा देणं ६०,००० = १,२०,०००. त्यातून २५ टक्के वजा = ९०,०००.
उधारी १,२०,००० वजा जुनी ३०,००० = ९०,०००. त्यातून ४० टक्के वजा = ५४,०००.
एकूण १,४४,०००.

याला ड्रॉइंग पॉवर म्हणतात. म्हणजे या महिन्यात मंजूर मर्यादेच्या आत तुम्ही इतके पैसे वापरू शकता. आता बुक डेट्सच्या रकान्यात शून्य टाकलं तर? फक्त ९०,०००. एका शब्दाचा अर्थ न कळल्याने ५४,००० रुपये खेळतं भांडवल गेलं. गणपतीच्या कारखानदाराला हे जास्त लागतं. त्याचं काम वर्षभर चालतं आणि पैसा मात्र श्रावण-भाद्रपदात येतो.

मार्जिनचे टक्के आणि दिवस बँकेप्रमाणे बदलतात. तुमच्या मंजुरीपत्रात ते लिहिलेले असतात. तिथून घ्या, माझ्या उदाहरणातून नको.

३. डिपॉझिट (डी-ई-पी-ओ-एस-आय-टी) : ठेव, अनामत

पेणच्या माणसाला हा शब्द शिकवायला लागत नाही. २०१० साली पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचे व्यवहार थांबले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. कुणाचे निवृत्तीचे, कुणाचे मुलीच्या लग्नाचे, कुणाच्या धंद्याचे.

इथेही विचारा, वही कुणाची? तुमच्या दृष्टीने डिपॉझिट ही तुमची संपत्ती. बँकेच्या दृष्टीने ते कर्ज. तुम्ही बँकेला पैसे उसने दिलेत. आणि उसने देताना माणूस जे बघतो, ते बघायला हवं.

तीन गोष्टी वहीत लिहून घ्या.

एक, बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसी या सरकारी महामंडळाचं विमा संरक्षण असतं. आधी ते एक लाखापर्यंत होतं, ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत आहे. यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं.

दोन, हे पाच लाख खात्यामागे नाहीत, एका बँकेत एका माणसामागे आहेत. सेव्हिंग, करंट, एफडी, वेगवेगळ्या शाखा, सगळं एकत्र मोजतात. आणि तुमचा धंदा एकट्याच्या मालकीचा, म्हणजे प्रोप्रायटरी असेल, तर दुकानाच्या नावाचं खातं आणि तुमचं स्वतःचं खातंही एकत्रच धरतात.

तीन, पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. पतसंस्थेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचं संरक्षण नाही. पतसंस्थेत पैसे ठेवू नका असं मी म्हणत नाही. फरक माहीत असू द्या, इतकंच.

धंद्यात हा शब्द आणखी दोन ठिकाणी भेटतो. गाळ्याचं डिपॉझिट : ते परत मिळणार आहे का, कधी, काय वजा करून, हे करारात लिहून घ्या. आणि पीएमईजीपीसारख्या योजनेतली सबसिडी : ती तुमच्या हातात येत नाही. ती बँकेत तुमच्या कर्जाच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून राहते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या रकमेवर व्याज लागतही नाही. धंदा नीट चालू असेल तर नंतर ती कर्जात वळती होते. "सबसिडी आली की मशीन घेऊ" असं ठरवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

४. डिडक्ट (डी-ई-डी-यू-सी-टी) : वजा करणे, कापून घेणे

टीडीएसमधला 'डी' हाच. टॅक्स डिडक्टेड अॅट सोर्स, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर.

समजा, तुम्ही रोह्याच्या धाटाव एमआयडीसीतल्या एका कंपनीला कामगारांचे जेवणाचे डबे पुरवता. महिन्याचं बिल ५०,०००. हातात आले ४९,५००. "कंपनीने पाचशे मारले!" असं म्हणू नका. कंत्राटाच्या कामावर, आणि केटरिंग त्यातच येतं, वैयक्तिक नावाने धंदा करणाऱ्याचा १ टक्का कर कापतात. ते पाचशे तुमच्याच पॅनखाली सरकारकडे जमा व्हायचे असतात. वर्षाअखेर तुमचा कर तेवढा नसेल तर रिटर्न भरून ते परत मिळतात. आणि पॅन दिला नाहीत तर १ नाही, २० टक्के कापतात.

आता बारीक गोष्ट. आपले दोन 'डी-ई' इथे शेजारी-शेजारी येतात : 'डिडक्टेड' आणि 'डिपॉझिटेड'. कापले, आणि जमा केले. ही दोन वेगळी कामं आहेत. कापणाऱ्याने पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत रक्कम सरकारकडे भरायची असते, मार्चची ३० एप्रिलपर्यंत. मग तिमाही रिटर्न भरलं की ती तुमच्या पॅनखाली आयकराच्या पोर्टलवर दिसते. दिसत नसेल तर कापलेत, पण तुमच्या नावावर पोचले नाहीत. अशा वेळी कंपनीच्या अकाउंट्स विभागाला लेखी विचारा. शांतपणे, पण लेखी. दर तिमाहीला एकदा पोर्टल बघायची सवय लावा. मार्च संपल्यावर वर्षाचे पाचशे-पाचशे शोधत बसायला नको.

५. डिमांड (डी-ई-एम-ए-एन-डी) : मागणी

हा शब्द तीन कपडे घालतो.

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये डिमांड म्हणजे बाजारातली मागणी. "आमच्या पापडाला खूप डिमांड आहे" एवढं लिहून भागत नाही. किती दुकानं, महिन्याला किती किलो, कुठल्या भावाने, ते लिहा.

डिमांड ड्राफ्ट म्हणजे बँकेने काढलेला धनाकर्ष. तुम्ही आधीच पैसे भरलेले असतात, त्यामुळे खात्यात पैसे नाहीत म्हणून तो चेकसारखा परत जात नाही.

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. कर्जाच्या फाईलमध्ये एक छोटा कागद असतो, त्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही घेतात. त्याला डिमांड प्रॉमिसरी नोट म्हणतात. त्यात 'ऑन डिमांड' असे शब्द असतात. अर्थ : बँकेने मागितल्याबरोबर ही रक्कम द्यायचं मी वचन देतो. हप्ते नीट चालू असताना बँक असं मागायला येत नाही. पण कागदावर वचन काय आहे ते सही करणाऱ्याला माहीत हवं. आणि जामीनदार म्हणून दुसऱ्याच्या फाईलवर सही करताना तर नक्कीच.

तारण कर्ज थकलं तर 'डिमांड नोटीस' येते. २००२ च्या सरफेसी कायद्यात त्यासाठी ६० दिवसांची मुदत आहे. ती नोटीस कपाटात ठेवायची नसते. त्या ६० दिवसांत लेखी म्हणणं मांडता येतं, बँकेशी बोलता येतं. नंतर दारं कमी होत जातात.

६. डीफॉल्ट (डी-ई-एफ-ए-यू-एल-टी) : चुकवणे, आणि 'आधीपासून ठरलेलं'

मोबाईलमधला डीफॉल्ट तुम्हाला माहीत आहे. यूपीआय अॅपमध्ये 'डीफॉल्ट अकाउंट' म्हणजे तुम्ही काही निवडलं नाही तर जे खातं आपोआप वापरलं जातं ते. साधी, निरुपद्रवी गोष्ट.

कर्जाच्या करारातला डीफॉल्ट मात्र वेगळा. तिथे अर्थ आहे हप्ता चुकवणे, अट मोडणे. करारात 'इव्हेंट्स ऑफ डीफॉल्ट' अशी एक यादी असते. त्यात फक्त हप्ता नसतो. विमा न भरणं, तारण ठेवलेलं मशीन न विचारता विकणं, जागा बदलून न कळवणं, असंही असू शकतं. ती यादी वाचा, नाहीतर बँकेतल्या साहेबांकडून समजून घ्या.

हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए होतं. पण क्रेडिट रिपोर्टवर डाग पडायला ९० दिवस लागत नाहीत.

इथे आपल्या भागाची एक खास गोष्ट. आपले बरेच धंदे हंगामी. पापड उन्हाळ्यात, गणपती भाद्रपदाआधी, आणि पावसाळ्यात वाळवणाचं काम बंद. मग दर महिन्याला सारखा हप्ता कशाला स्वीकारायचा? कर्ज मंजूर होण्याआधीच विचारा, "हप्ते हंगामाप्रमाणे बसवता येतील का? सुरुवातीला काही महिने सवलत मिळेल का?" प्रत्येक वेळी होकार येईल असं नाही. पण सही झाल्यावर विचारण्यापेक्षा आधी विचारणं केव्हाही बरं.

७. डीड (डी-ई-ई-डी) : दस्त

हा आपल्या 'डी-ई' घराण्यातला नाही, हे वर सांगितलं. मूळ अर्थ 'केलेलं काम'. त्यावरून सही करून पक्का केलेला दस्त. सेल डीड म्हणजे खरेदीखत, गिफ्ट डीड म्हणजे बक्षीसपत्र, पार्टनरशिप डीड म्हणजे भागीदारीचा करार.

दोन मित्र मिळून गणपतीचा कारखाना काढतात. एकाने तीन लाख घातले, दुसऱ्याने पन्नास हजार. "आपल्यात काय लिहायचं?" म्हणून कागद केला नाही. वाटणीवरून वाद झाला, तर १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा काय म्हणतो? वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा सारखा वाटायचा. भांडवलावर व्याज नाही, कामाचा पगार नाही. तीन लाखवाल्याला हे चालेल का? आणि दिवसरात्र रंगकाम करणाऱ्या पन्नास हजारवाल्याला तरी पगाराशिवाय चालेल का? डीड अविश्वासासाठी नसतो. मैत्री टिकावी म्हणून असतो.

८. डील (डी-ई-ए-एल) : व्यवहार

मूळ अर्थ 'वाटा'. त्यावरून व्यवहार, सौदा, आणि 'डीलर' म्हणजे माल घेऊन विकणारा. हा शब्द बोलायला सोपा, म्हणून सगळ्यात धोक्याचा. "डील झाली" असं म्हणून लोक खूश होतात. पण डील ही बोलण्यातली, डीड ही कागदावरची. मधे फक्त एक अक्षर बदलतं. भाव, वजन, पोचवायची तारीख, पैसे कधी, माल खराब निघाला तर काय, हे निदान व्हॉट्सअॅपवर लिहून समोरच्याचा होकार घेतलात, तरी डील बरीच पक्की झाली.

इंग्रजी येत नसेल तर? तुमचा एक हक्क

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. किरकोळ कर्ज किंवा सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगाचं मुदत कर्ज देताना कर्जदाराला 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' द्यायचं. त्यात सगळे चार्जेस धरून वार्षिक दर किती पडतो, हप्ते किती, दंड काय, ते साध्या तक्त्यात असतं. आणि ते कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत द्यायचं आणि समजावून सांगायचं, असं नियमात आहे. सात दिवस किंवा त्यापेक्षा जास्त मुदतीच्या कर्जासाठी तो कागद निदान तीन कामकाजाचे दिवस ग्राह्य असतो. म्हणजे घरी नेऊन वाचायला वेळ मिळतो.

बँकेत गेल्यावर म्हणायचं, "साहेब, केएफएस मराठीत द्या. मी वाचून परवा येते." यात लाजण्यासारखं काही नाही.

एका नजरेत

डेबिट – नावे टाकणे (वही कुणाची ते बघा)
डेट – कर्ज, देणं ('बुक डेट्स' म्हणजे तुमचं येणं)
डिपॉझिट – ठेव, अनामत
डिडक्ट – कापून घेणे (जमा झालं का ते बघा)
डिमांड – मागणी ('ऑन डिमांड' म्हणजे मागितल्याबरोबर)
डीफॉल्ट – चुकवणे. मोबाईलमध्ये 'आपोआप निवडलेलं'
डीड – दस्त
डील – सौदा, व्यवहार

गृहपाठ

आधी स्वतः लिहा, मग खाली बघा.

१) पासबुकात 'सीआर ५,०००' आहे. तुमच्या टॅलीत बँक खात्याला काय लागेल?
२) एका दुकानदाराकडे तुमचे ८,००० येणं आहे. तो तुमचा डेटर की क्रेडिटर?
३) एकाच बँकेत तुमच्या नावाने ३ लाखांची एफडी आहे आणि तुमच्या एकट्याच्या मालकीच्या दुकानाच्या करंट खात्यात ४ लाख आहेत. विमा किती रकमेला?
४) कंपनीने टीडीएस कापला, पण पोर्टलवर दिसत नाही. कुठला 'डी-ई' शब्द झाला, कुठला अजून दिसत नाही?
५) भागीदारीत कागद नाही, भांडवल कमी-जास्त. कायद्याने नफा कसा वाटायचा?

उत्तरं : १) डेबिट ५,०००. २) डेटर. ३) एकूण ७ लाख, पण संरक्षण ५ लाखांपर्यंतच. ४) 'डिडक्ट' झालं, 'डिपॉझिट' दिसत नाही. ५) सारखा.

पाचही बरोबर आली असतील तर छान. तीनच आली असतील तर २ आणि ३ नंबरचे शब्द पुन्हा वाचा, बहुतेकांची गडबड तिथेच होते. आणि एक काम आजच करा. घरातली कुठलीही एक फाईल काढा, कर्जाची, गाळ्याची, विम्याची. त्यात हे आठ शब्द शोधून पेन्सिलीने गोल करा. प्रत्येक गोलापुढे लिहा : पैसा कुणाकडून कुणाकडे, आणि वही कुणाची. जिथे उत्तर येणार नाही, ती ओळ घेऊन बँकेत जा, सीएकडे जा, नाहीतर पुढच्या बॅचला घेऊन या. आपण मिळून वाचू.

पुढच्या भागात 'आय-एन'वाले शब्द घेऊ : इन्व्हॉइस, इनवर्ड, इंटरेस्ट, इन्शुरन्स. तोपर्यंत न वाचता कुठेही सही करू नका!